उपास आणि उपासमार

‘उपास’ आणि ‘उपासमार’ या शब्दांत फक्त दोन अक्षरांचं अंतर आहे. पोटाला दोन्ही सारखेच जाणवतात. पण उपासात समोरचं ताट आपण स्वतः बाजूला सारतो. उपासमारीत ताटच नसतं. जिथे उपास एकट्याने नाही तर सगळ्यांनी मिळून करतात, त्या ख्रिस्ती मंडळीला या अंतराचा विचार टाळता येत नाही.

आधी एक अडचण. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की उपास करताना चेहरा पाडून फिरू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळूच देऊ नका. कॅथलिक चर्चमध्ये हा उतारा नेमका राखेच्या बुधवारी वाचला जातो आणि त्याच उपासनेतून लोक कपाळावर राख घेऊन बाहेर पडतात! प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्येही उपास-प्रार्थनेचा दिवस आधी जाहीर होतो. मग गुप्त काय राहिलं?

मला वाटतं, येशूचा आक्षेप दिसण्याला नाही, दिसण्यातून मिळणाऱ्या मोठेपणाला आहे. एकटाच उपाशी असलेला माणूस चारचौघांत उठून दिसतो. सगळेच उपाशी असतील तर कोण कुणाचं कौतुक करणार? अर्थात तिथेही स्पर्धा शिरते: कुणी तीन दिवस केला, कुणी एकवीस. म्हणून कॅथलिक नियमाचा लहानपणा मला शहाणपणाचा वाटतो. बंधनकारक उपास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. दिवसातून एकदा पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडंसं खाणं. वय १८ ते ५९. आजारी आणि गरोदर यांना सूट. एवढ्यात पराक्रम गाजवायला जागाच नाही.

पण मग एवढ्याशा भुकेचा उपयोग काय? वजन कमी करायचं तर मोबाइलवर तास मोजणारी ॲप्स आहेत. इथे हिशेब वेगळा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाच्या मंडळीची गोष्ट येते. ती उपास आणि प्रार्थना करत असताना तिला आज्ञा होते, आणि ती बर्णबा आणि शौल या आपल्याच दोन शिक्षकांना दूर कामगिरीवर पाठवते. म्हणजे उपास संपला तो काहीतरी मिळवून नाही, हातातलं सोडून.

दुसऱ्या शतकात अरिस्तिदेस नावाच्या लेखकाने ख्रिस्ती लोकांचं वर्णन करताना लिहिलं की गरजूला द्यायला त्यांच्याकडे जास्तीचं अन्न नसेल, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि ते अन्न त्याला देतात. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये १९७५ साली सुरू झालेला ‘राइस बोल’ उपक्रमही याच वाटेचा: घरात पुठ्ठ्याचा डबा ठेवायचा आणि उपासकाळात वाचलेले पैसे त्यात टाकायचे.

कुणी विचारेल, दान तर जेवूनही करता येतं. येतं. पण उरलेल्यातून दिलेलं दान आपल्या दिवसाला धक्का लावत नाही. भुकेल्यांसाठी भरल्या पोटाने केलेली प्रार्थना तशीच. ती तोंडातून निघते आणि आपण होतो तिथेच राहतो. उपास त्या प्रार्थनेला किंमत लावतो. आणि मंडळी एकत्र उपाशी राहते, तेव्हा ती किंमत एकाच कनवाळू माणसावर पडत नाही.

यात एक धोका आहे. आपल्याला ‘भूक कळली’ असं वाटू लागतं. ती कळत नाही, कारण संध्याकाळी जेवण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि बायका रोज प्रार्थनेला जमत. त्यांतल्या कितीतरी जणींना पंडिता रमाबाईंनी १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलं होतं. भुकेबद्दल त्यांना कुठला उपदेशक काय शिकवणार होता?

अशी माणसं आजही मंडळीत असतात. आज काम मिळालं नाही म्हणून जेवण नाही, अशी बाई त्याच बाकावर बसलेली असते. तिच्या शेजारी बसून आपण आपल्या उपासाबद्दल देवाशी बोलतो. यशया संदेष्ट्याने अशाच लोकांना सुनावलं होतं. तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता. देवाला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं.

तेव्हा पुढच्या उपास-प्रार्थनेनंतर किती जण आले, किती तास प्रार्थना झाली, हे मोजलं नाही तरी चालेल. आपण न जेवलेलं जेवण कुणाच्या ताटात गेलं, एवढं मात्र मंडळीने स्वतःला विचारावं. उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल, तर त्या बाकावरच्या बाईच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं.