पायी येणाऱ्यांचा हक्क

वस्तीतील लहान दुकाने पाडून तेथे मोटारविक्रीचे दालन उभारावे, असा प्रस्ताव आला की केवळ भाडे आणि नफा यांचाच हिशेब मांडला जातो. तो आम्हांस अपुरा वाटतो. मोटार माणूस कित्येक वर्षांतून एकदा घेतो, पुष्कळ जण तर कधीच घेत नाहीत. वाण्याकडे मात्र शाळकरी पोर आणि सत्तरीची आजी रोज आपल्या पायांनी जातात.

न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट नोंदविली आहे : तेथील शेजारी घराच्या किल्ल्या ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून जात. आमच्या गोव्यातला पसरकारही लोकांचे निरोप नि पिशव्या सांभाळतो. उधारीची वही तर वेगळीच!

हा विश्वास खरेदीखतात नोंदला जात नाही, म्हणून त्याची भरपाईही कोणी देत नाही. मालकाचा विक्रीचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु जे त्याने एकट्याने घडविले नाही, ते एकट्याने मोडावे काय? परवाना देण्यापूर्वी नगरपालिकेने त्या गल्लीतून पायी जाणाऱ्यांस विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.