सही खाली, जबाब वर

30 जून ते 9 ऑगस्ट 2022 या काळात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात दोनच माणसे होती, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. फायली नेहमीसारख्या येत होत्या, पण खात्याला मंत्री नव्हता. 4 ऑगस्टला आदेश निघाला की मंत्र्यांपुढे चालणारी अपिले आणि पुनर्विलोकने सचिवांनी ऐकावीत. मोठा गदारोळ झाला. हे फक्त अर्धन्यायिक अधिकार आहेत, बाकीचे मंत्र्यांकडेच आहेत, असा खुलासा सरकारने केला. म्हणजे पैशाला मंजुरी देण्याचा अधिकार कुणाकडेच सरकला नव्हता, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावाला झळ बसते ती नेमकी तिथेच.

जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीच्या हातून वाटला जातो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. नव्या सरकारने 4 जुलै 2022 रोजी 1 एप्रिलनंतर मंजूर झालेल्या कामांना स्थगिती दिली. नवे पालकमंत्री येतील आणि ठरवतील, असे ठरले. बुलढाण्याचे पालकमंत्री म्हणून गुलाबराव पाटील यांचे नाव जाहीर झाले ते 24 सप्टेंबरला.

चिखली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेची गळकी वर्गखोली समजा. शाखा अभियंता येऊन भिंती मोजतो, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झाले की मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी बिल. बांधकाम पावसात होत नाही हे खरे, पण कागद पावसातच व्हावे लागतात. जुलै-ऑगस्टात मान्यता आणि निविदा उरकली तर दिवाळीनंतर स्लॅबवर माणसे चढतात. ते महिने हातचे गेले की काम फेब्रुवारीत ढकलले जाते आणि 31 मार्चच्या रात्रीपर्यंत बिलांची धावपळ चालते. घाईत ओतलेल्या काँक्रीटला पाणी मारायलाही कुणाला सवड नसते. पुढच्या जूनमध्ये तीच खोली पुन्हा गळू लागली, तर मंजुरीला उशीर का झाला हे कुणी विचारत नाही; ठेकेदाराला शिव्या घालून सगळे मोकळे होतात.

अधिकार खाली सोपवणे ही काही नवी कल्पना नाही. राज्याची वित्तीय अधिकार नियमपुस्तिका 1978 पासून आहे आणि कोणत्या पदाने किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची याच्या मर्यादा ठरवून देण्याची पद्धत सरकारी कचेरीत मुरलेली आहे. अडते ते यादीपाशी. अर्थसंकल्प विधिमंडळ मंजूर करते, पण कुठल्या गावाची खोली यादीत बसणार हे ठरवण्यातच राजकारणाचा जीव असतो. वरून यादी आली की काम हलते आणि ती आली नाही की अभियंत्याचे अंदाजपत्रक कपाटात पडून राहते. माझे म्हणणे सरळ आहे. निकष मंत्र्यांनी ठरवावेत, वर्षातून एकदा, जाहीरपणे: आधी धोकादायक खोल्या, मग गळक्या, मग नव्या. त्यानंतर एकेका खोलीची सही जिल्ह्यातच व्हावी आणि त्या सहीबद्दलचा जबाब मंत्र्याने द्यावा.

हा जबाब सुटला तर काय होते, तेही बुलढाण्याने पाहिले आहे. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. चिखली नगरपरिषदेतही प्रशासक बसले. आर्थिक मंजुरीचे सगळे अधिकार अधिकाऱ्याकडे गेले, तेही महिन्या-दोन महिन्यांसाठी नव्हे, तीन वर्षांहून अधिक काळ. त्या काळात ठराव मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही प्रशासकच. सर्वसाधारण सभेत अमडापूर किंवा उंद्रीकडचा सदस्य उभा राहून ‘आमच्या भागाला काय दिले?’ असे विचारतो, ती जागाच उरली नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या, त्या अधिकाऱ्याला लोकांनी निवडलेल्या सभेपुढे उभे करण्यासाठी. त्या मांडणीचा हा उलटा प्रवास होता आणि त्याची खंत मला आजही वाटते.

त्याआधीचा नोव्हेंबर 2019 घ्या. निकाल लागलेले, सरकार नाही, राष्ट्रपती राजवट. परतीच्या पावसाने सोयाबीन शेतातच सडलेले. 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपाच्या पिकांना हेक्टरी 8,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. मंत्री नसतानाही पैसा सुटू शकतो हे त्या दिवशी दिसले. पण रक्कम तुटपुंजी वाटणाऱ्या चिखलीच्या शेतकऱ्याने जायचे कुणाकडे? राज्यपाल विधानसभेला उत्तर देत नाहीत आणि नवी विधानसभा तेव्हा बसलीही नव्हती.

मंत्री आणि सचिव यांच्यातला हा हिशेब एकदा मुंबईत भर चौकशीत मांडला गेला होता. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेतली. गर्दीला ऐकू जावे म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी बोट दाखवले ते सचिवांकडे. छागलांनी मानले नाही: सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी 1958 मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे 1970 मध्ये संजीवी नायडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की कार्यनियमावलीप्रमाणे अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय हा शासनाचाच निर्णय असतो. तेव्हा ‘अधिकार सोपवले तर लोकशाही बुडेल’ या भीतीला कायद्याचा आधार नाही.

अडचण अधिकाऱ्यांच्या बाजूनेही आहे. लेखाआक्षेप निघेल, चौकशी लागेल, म्हणून स्वतःच्या मर्यादेतली फाईलही वर पाठवली जाते. प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाला संरक्षण दिल्याशिवाय नुसता शासन निर्णय काढून काही हलणार नाही.

सगळेच खाली जावे असे मी म्हणत नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्ग चिखलीवरून जावा ही मागणी कित्येक पिढ्यांची आहे. त्यात राज्याने किती वाटा उचलायचा हे मंत्रिमंडळानेच ठरवावे, कारण त्या पैशासाठी दुसरीकडचे काहीतरी मागे पडणार असते आणि ते कुणाचे, हे निवडून आलेल्यांनीच तोंडावर सांगायला हवे. वर्गखोलीचे तसे नाही.

5 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा सरकार आले आणि पालकमंत्र्यांची यादी निघाली 18 जानेवारी 2025 रोजी. बुलढाण्याला मकरंद पाटील मिळाले तेव्हा मार्चअखेरीला 72 दिवस उरले होते. पालकमंत्री नसेल त्या काळात ठरलेल्या रकमेपर्यंतची दुरुस्तीची कामे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर निकषांवर मंजूर करावीत, असा नियम करायला काय हरकत आहे? यादी रकमेसह आणि मंजुरीच्या तारखेसह त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. पालकमंत्री आले की नियोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत ती यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि तिच्यावरच्या प्रश्नांना उत्तरे त्यांनी द्यावीत, जिल्हाधिकाऱ्यांनी नव्हे.