खुर्चीचा मोह कोणाचा?

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या घनसावंगी तालुक्यातलं. बोहल्यावरून पळालेल्या नारायणाची, म्हणजे लहानपणच्या समर्थांची, गोष्ट मी मास्तर असताना वर्गात रंगवून सांगायचो. पोरं खुदखुदायची. पुढे त्यानं टाकळीला बारा वर्षं तप केलं, ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नसे.

नारायण आपणहून उठला. याच जालना जिल्ह्यात २०२४ साली दोघांना खुर्चीवरून उठावं लागलं. त्यांना मतदारांनी उठवलं. जवखेड्याचे रावसाहेब दानवे आधी दोनदा आमदार, मग १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार. पुढे प्रदेशाध्यक्ष, रेल्वे राज्यमंत्री. २००९ला ज्या कल्याण काळेंवर त्यांनी आठ-साडेआठ हजारांनी निसटता विजय मिळवला, त्याच काळेंनी त्यांना लाखाच्या फरकानं पाडलं. नोव्हेंबरात विधानसभेला राजेश टोपेही पडले. पक्ष दानवेंच्या विरोधातला, पण आमदारकी त्यांचीही १९९९ पासूनचीच. दोन-अडीच हजार मतं कमी पडली.

निकालानंतर पारावर वैराग्याला ऊत आला. ‘पंचवीस वर्षं झाली, मोह सुटत नाही यांचा. गीता वाचा म्हणावं.’ हे म्हणणाऱ्यांत दासबोधाचं पारायण करणारेही होते.

मला प्रश्न वेगळाच पडतो. खरोखर अनासक्त माणूस उभा राहिला, तर आपण त्याला मत देऊ का? दहाव्याला आला नाही, तर ‘माजला’ म्हणतो. लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबला नाही, तर वर्षभर बोलून दाखवतो. जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती २०२२ साली चोरीला गेल्या, तेव्हा देवाचं गाऱ्हाणंसुद्धा टोपेंनीच विधानसभेत मांडलं. कोरोनात ते आरोग्यमंत्री होते. राज्यभर दौरे चालू आणि घरी आई आजारी. ऑगस्ट २०२० मध्ये त्या गेल्या. याला कर्मयोग म्हणायचं की कामाची आसक्ती? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि आतलं मतपेटीत मोजता येत नाही.

फळाची आशा नको, हे अर्जुनाला सांगणं एका अर्थी सोपं होतं. त्याला दर पाच वर्षांनी कुरुक्षेत्रावर मतं मागायची नव्हती. निवडणूक ही फळावरच उभी राहिलेली व्यवस्था. तिच्यात निष्काम राहायला सांगणं म्हणजे दुकानदाराला गल्ला न बघता दुकान चालव म्हणण्यासारखं. जनकराजाचा दाखला देणारे विसरतात, की जनकाला तिकीट लागत नव्हतं.

मोह त्यांना असेलही. पण त्याला खतपाणी घालणारे आम्हीच. परवा नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायची होती. पोरानं विचारलं, ‘दादा, माजींचं नाव प्रमुख उपस्थितीत टाकायचं का?’

‘टाक ना,’ म्हणालो. ‘पण आजींच्या खाली.’