ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर?

आमच्या हर्नडनमध्ये पॉटलकला चार मराठी कुटुंबं जमली की तीन विषय ठरलेले असतात: डलसहून भारताची तिकिटं, घरांच्या किमती आणि मुलांची कॉलेजं. गेल्या गणपतीत मोदकांचं ताट फिरत असताना कोणीतरी माझ्या लेकीला विचारलं, "मग, पुढे काय ठरवलंस?" ती म्हणाली, "बायोमेडिकल इंजिनिअरिंग." मी लगेच पुस्ती जोडली, "म्हणजे अर्धी डॉक्टर, अर्धी इंजिनिअर!" सगळे हसले. लेक मात्र हसली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "बाबा, ते तुझं वाक्य होतं. माझं नाही."

खरं सांगायचं तर ते वाक्य म्हणजे आमच्या घरात झालेला तह होता. बायकोला वाटत होतं मुलीने डॉक्टर व्हावं. मला वाटत होतं कॉम्प्युटर सायन्स घ्यावं. बायोमेडिकल म्हटल्यावर दोघांचंही समाधान झालं. मेडिकल स्कूलला लागणारं बायॉलॉजी-केमिस्ट्री बरंचसं होऊन जाईल, आणि नाहीच गेली तर हातात इंजिनिअरची पदवी. दोन्ही डगरींवर हात! पण त्या रात्री पहिल्यांदाच मनात आलं, हा मधला मार्ग आम्ही तिच्यासाठी काढला की आमचा वाद मिटवण्यासाठी? आणि कोणीच नाराज होऊ नये म्हणून केलेल्या निवडीला निवड म्हणायचं का?

या बाबतीत माझी पिढी तशी कच्चीच. आमच्याकडे अकरावीतच रस्ता फुटायचा. मी बायॉलॉजी सोडून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. कारण काय, तर मार्क जास्त मिळतात आणि बेडूक कापावा लागत नाही! मग बी.ई., मग इथे येऊन एम.एस., मग आय.टी. तुला काय आवडतं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. घर झालं, संसार झाला, तक्रार नाही. पण मुलीला सल्ला देताना मी ज्याला अनुभव म्हणतो, त्यात भीतीच जास्त आहे, हे आता कळतंय.

आमच्यातल्या एकाने मात्र तेव्हा मुंबईत बायोमेडिकल घेतलं होतं. नातेवाईक म्हणाले, "म्हणजे दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करणार?" पुढे त्याने खरोखर तेच केलं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तो व्हेंटिलेटर चालू ठेवण्यासाठी रात्र रात्र हॉस्पिटलात काढत होता. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि किमान 22 रुग्ण दगावले. त्यानंतर 'मशीनं दुरुस्त करणारा' हे शब्द मी कधी हलक्याने उच्चारले नाहीत.

तरीही माझी शंका खोटी नव्हती. चार वर्षांत थोडं सर्किट, थोडं मेकॅनिक्स, थोडं शरीरशास्त्र, थोडं मटेरियल्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग. सगळं थोडं थोडं शिकलेल्या माणसाला खोलात काय येणार? ज्याला सर्किट बनवून हवं असेल तो इलेक्ट्रिकलवाल्याकडे जाईल. शिवाय या क्षेत्रातल्या संशोधनाच्या कामांना पुष्कळदा मास्टर्स किंवा पीएच.डी. लागते.

एका रविवारी आम्ही दोघं डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर चालायला गेलो. जुन्या रेल्वे डेपोपाशी बाकावर बसल्यावर मी माझा हुकमी एक्का काढला. "ज्या ऑक्सिमीटरने कोविडमध्ये सगळ्या जगाला आधार दिला, त्याचं तत्त्व 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलं. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. त्यांच्याकडे कुठे बायोमेडिकलची पदवी होती?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीचा ऑक्सिमीटर आठवतो ना?"

न आठवून कसं चालेल? मे 2021. सांगलीला आईला कोविड झालेला. मी इथून रोज व्हिडिओ कॉलवर तिला बोट यंत्रात घालायला लावायचो. आकडा 94, कधी 95. "ठीक आहे, घाबरू नकोस," असं मी दोन दिवस म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी आमचे जुने डॉक्टर घरी आले, तिचा श्वास पाहिला आणि त्यांनी लगेच तिला ॲडमिट केलं. देवदयेने आई बरी झाली.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश पाठवतो आणि किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. यंत्रावर 92 ते 96 आकडा दिसत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांमध्ये 100 पैकी सुमारे 4 वेळा झालं, तर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये सुमारे 12 वेळा. आईच्या बाबतीत तेच घडलं असं मी म्हणणार नाही. बोटं गार असली तरी आकडा चुकतो. लेकीने मात्र तो अभ्यास शाळेच्या एका प्रोजेक्टसाठी वाचला होता.

"बाबा, तू आकडा वाचलास. डॉक्टरांनी आजीकडे पाहिलं. मला दोन्ही करता यायला हवं. यंत्र आतून कळायला हवं आणि ते कोणाच्या बोटाला लागणार आहे, हेही विचारता आलं पाहिजे. याला तू अर्धं अर्धं म्हणतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड आणि निवड बाहेरून सारख्याच दिसतात. कोण नाराज होईल, याचा हिशेब आम्ही करत होतो. आपण कोणाचं देणं लागतो, याचा ती. पदवी तीच, पण तिच्याकडे येण्याचे रस्ते वेगळे. माझं सॉफ्टवेअर चुकलं तर फार तर एखादा रिपोर्ट उशिरा जातो. तिचं चुकलं तर कोणाची तरी आजी जाईल. अशा कामाला मुलगी आपण होऊन हात घालत असेल, तर 'नोकरी मिळेल का' एवढंच विचारणं मला तोकडं वाटू लागलं. तो प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे.

बाकावरून उठण्यापूर्वी मी दोन अटी घातल्या. एक, कुठलातरी एक विषय खोलवर शिकायचा. सिग्नल्स म्हण, इलेक्ट्रॉनिक्स म्हण, पण त्यात कच्चं राहायचं नाही. दुसरी, एक उन्हाळा हॉस्पिटलात रुग्णांजवळ काढायचा. घाईही नव्हती. जॉन्स हॉपकिन्सला बायोमेडिकल हवं असेल तर अर्जातच तसं सांगावं लागतं. पण आमच्या यूव्हीएला आणि व्हर्जिनिया टेकला आधी इंजिनिअरिंगमध्ये प्रवेश घेऊन शाखा नंतर ठरवता येते. मन बदललं तरी हरकत नाही, हेही मी सांगितलं. ते सांगणं मला सगळ्यात जड गेलं.

तिने दोन्ही अटी मान्य केल्या आणि स्वतःची एक घातली: "पुढच्या गणपतीत कोणी विचारलं तर मला उत्तर देऊ दे."

मंडळी, मी कबूल केलंय. तेव्हा मोदकांचं ताट फिरेल तेव्हा कृपया तिलाच विचारा.