पायगुण

बर्नी लूट्झ टेबलाशी येऊन नुसता उभा राहिला, की जिंकत आलेला माणूस हरायला लागतो. लास वेगासच्या ‘शांग्री-ला’ या जुन्या वळणाच्या कॅसिनोत त्याची नोकरीच ही आहे. कुणाचा हात चालायला लागला, की बर्नीला तिथे पाठवायचं. तो शेजारी उभा राहतो, आणि त्या खेळाडूचे फासे उलटे पडू लागतात. ‘द कूलर’ हा वेन क्रेमर यांचा २००३ सालचा चित्रपट. बर्नी झालाय विल्यम मेसी. खाली उतरलेले खांदे, अधू पायाची चाल. कॉफी मागवली की त्याच्याच वेळी क्रीम संपलेलं असतं.

आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द आहे. पांढऱ्या पायाचा. खरं म्हणजे आपण तो बाईसाठीच वापरत आलो. सून घरात आली, वर्षाच्या आत सासरा गेला किंवा गाय दगावली, की बोट तिच्या पायांकडे. त्या पायांनी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं पाहिलेलं असतं, हे कुणाला आठवत नाही.

चित्रपट पाहताना मला एक प्रश्न पडला. कॅसिनोला बर्नी हवाच कशाला? अमेरिकेतल्या रूलेटच्या चाकावर सहसा ३८ घरं असतात. १८ लाल, १८ काळी, आणि शून्य व दुहेरी शून्य अशी दोन हिरवी. तुम्ही लालवर लावलेत आणि लाल आलं, तर जेवढे लावलेत तेवढेच आणखी मिळतात. पण हिरवं आलं, तर लालवाल्याचेही जातात आणि काळ्यावाल्याचेही. त्या दोन घरांच्या जोरावर लावलेल्या दर शंभरांतले सरासरी सव्वापाच कॅसिनोकडेच राहतात. एखाद्या रात्री कुणी भरपूर जिंकून जाईलही, पण चाक फिरत राहिलं की हिशेब कॅसिनोच्याच बाजूनं लागतो. त्यासाठी कुणाचं दुर्दैव पगारावर ठेवायची गरज नाही.

तरीही कॅसिनोचा मालकासारखा कारभारी शेली बर्नीला सोडत नाही. अ‍ॅलेक बाल्डविननं हा माणूस असा उभा केलाय की त्याच्या मायेचीच भीती वाटावी. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. बर्नीवर कधीकाळी जुगाराचं मोठं कर्ज झालं होतं. ते फेडणारा शेली, आणि त्याचा गुडघा फोडणाराही शेलीच. आता तो बर्नीला मित्र म्हणतो. मला वाटतं, कुणाला तरी अभागी ठरवून ठेवण्यात ठरवणाऱ्याची मोठी सोय असते. त्या माणसानं मान वर केली, तर ज्याला त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायची सवय झालीय, त्याचा हात अधांतरी पडतो.

बर्नी मान वर करतो ती नताली नावाच्या वेट्रेसमुळे. ती त्याच्याकडे बघते, त्याची वाट बघते. आणि त्याच्या आसपासचे लोक जिंकू लागतात! कॉफीत क्रीम येतं. आपल्याला पुढे कळतं, की बर्नीनं वेगास सोडून जाऊ नये म्हणून शेलीनंच तिला पैसे देऊन त्याच्या आयुष्यात पाठवलं होतं. सोंग म्हणून सुरू झालेलं प्रेम तिच्या मनात केव्हा खरं झालं, ते तिलाही नेमकं सांगता येणार नाही. मला या कथेतली ही जागा सर्वांत आवडते. बर्नीला जे मिळालं ते विकत घेतलेलं होतं, पण विकणारीनं ते शेवटी मनापासून दिलं.

एका जागी मात्र माझं मन अडतं. प्रेम मिळताच नशीब पालटतं, असं चित्रपट दाखवतो. फाशांच्या टेबलावर शेवटी बर्नी स्वतः जिंकतो. मला आनंद झाला, डोळ्यांत पाणीही आलं. पण न पालटतं तर? बर्नीशेजारी लोक हरतच राहिले असते, आणि तरीही नताली त्याची वाट बघत राहिली असती तर?

याचं उत्तर मी लहानपणी आमच्याच घरात पाहिलं आहे. काकू लग्न होऊन आली त्या वर्षी विहीर आटली आणि आजोबा गेले. बोलायचं ते लोक बोलले. घरातलं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की तिनं आपणहून मागच्या पडवीत जायचं, हे न सांगता ठरून गेलं. तेव्हा काकांचा जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता. तारखेच्या दिवशी काका धोतर नेसून, कागदांची पिशवी काखेत धरून ओटीवर उभे राहायचे आणि आत हाक मारायचे, “अगं, बाहेर ये जरा.” ती यायची. हात पदराला पुसत, मान खाली घालून. “समोर ये. अशी. आता निघतो.” आजी तोंड फिरवायची. काका कुणाशी वाद घालत नसत. तिला डोळे भरून बघायचे, चपला घालायचे आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागायचे.

संध्याकाळी परतले की बहुतेक वेळा एकच उत्तर, पुढची तारीख पडली. कधी वकील आला नव्हता, कधी साहेब रजेवर. दाव्याचा निकाल लागला तो अर्धाच आमच्या बाजूनं, तोही कितीतरी वर्षांनी. विहिरीला पाणी आलं, ते पुढे कधीतरी पाऊस बरा झाला म्हणून.

पण तोवरच्या एकाही तारखेला काका ती हाक मारायचं विसरले नाहीत. पुढे पुढे तर हाक मारावीच लागत नसे. पिशवीतल्या कागदांची सळसळ झाली, की काकू आपली आपण दारात येऊन उभी राहायची, आणि मान खाली नसायची.