ओतणाऱ्याचा हात

मद्य घेणे पाप आहे काय, असा प्रश्न आमच्या समाजात वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरून गेले आहे : घेणे पाप नाही, अति घेणे पाप आहे. उत्तर खरे आहे. परंतु ते सर्वस्वी पिणाऱ्याला उद्देशून दिलेले आहे. पेला भरून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याचे काय, याविषयी आपण क्वचितच बोलतो. आम्हीही बोललो नसतो, जर 2019 च्या नाताळात तो पेला आमच्या हाताने भरला गेला नसता.

त्या वर्षी अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा पुतण्या सुट्टीवर आला होता. येताना त्याने दोन बाटल्या आणल्या आणि कॉकटेलची एक कृती कागदावर लिहून आणली. नाताळच्या रात्री तो प्रवासाच्या शिणाने लवकर झोपी गेला, तेव्हा मिश्रणाचे काम हौसेने आम्ही अंगावर घेतले. आमचे धाकटे मेहुणे पहिलाच घोट घेऊन म्हणाले, ‘‘भावोजी, हे तर लिंबाचे सरबत आहे!’’ पाहुण्याने आपल्या हातच्या वस्तूची स्तुती केली की यजमानाला जे होते ते आम्हांला झाले. आम्ही दुसरा पेला भरला, मग तिसराही भरला. रात्री ते स्कूटरवरून घरी निघाले. बावखलाच्या वळणावर स्कूटर घसरली. गळ्याचे हाड मोडले, पायाला टाके पडले, आणि दोन महिने ते अंथरुणाला खिळले. मागच्या सीटवर त्यांची नऊ वर्षांची मुलगी बसायची. ती त्या रात्री आमच्या मुलांबरोबर राहण्याचा हट्ट धरून बसली होती, म्हणून राहिली.

त्या पेयाचे नाव ‘लास्ट वर्ड’, म्हणजे शेवटचा शब्द. त्याचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला. तेथील अ‍ॅथलेटिक क्लबच्या 1916 सालच्या पत्रकात ते 35 सेंटना मिळत असे. पुढे 1918 च्या मे महिन्यात मिशिगन राज्यात दारूबंदी लागू झाली, आणि 1920 पासून ती साऱ्या देशावर आली. 1951 मध्ये टेड सॉसिए यांच्या पुस्तकात या पेयाची कृती छापली गेली, तरी लोक ते विसरलेच. या शतकाच्या आरंभी सिअॅटल शहरातील मरे स्टेन्सन या मद्यगृहातील वाढप्याला ती कृती त्या जुन्या पुस्तकात सापडली, आणि काही वर्षांतच हे पेय जगभर पसरले.

कृती इतकी सोपी आहे की तिथेच माणूस फसतो. जिन, हिरवी शार्त्रूज, माराश्किनो आणि लिंबाचा ताजा रस, हे चारही समभाग. माराश्किनो म्हणजे डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील आंबट चेरीपासून काढलेले, पाण्यासारखे स्वच्छ, गोड मद्य. आमच्याकडे मापाचे भांडे नव्हते, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारे 10 मिलिलिटरचे झाकण घेतले आणि प्रत्येकाची दोन-दोन झाकणे घातली. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवले आणि गाळून घेतले. आपले कागदी लिंबू चांगलेच आंबट असते, ते येथे फार शोभते. पेला फिकट हिरवा दिसतो, आणि त्याला वनस्पतींचा, किंचित औषधी असा सुंदर गंध येतो. चव उत्तम होती, हे आज नाकारण्यात अर्थ नाही.

त्या पेल्याचा हिशेब मात्र आम्ही अपघातानंतर मांडला. आपल्याकडची जिन 42.8 टक्के, हिरवी शार्त्रूज 55 टक्के, माराश्किनो 32 टक्के. प्रत्येकी 20 मिलिलिटर धरले तर एका पेल्यात सुमारे 26 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगात तो तेरापेक्षा थोडा कमी असतो. म्हणजे एक पेला म्हणजे दोन पेग. मेहुण्यांनी तीन पेले ‘सरबत’ घेतले होते. वास्तविक आम्ही त्यांना सहा पेग पाजले होते. व्हिस्की निदान जिभेला आणि घशाला आपली ओळख देते. येथे साखर तिखटपणा झाकते, लिंबू साखर झाकते, आणि बर्फाच्या गारव्यात मद्याची जळजळ जाणवतच नाही. आपण किती घेतले हे पिणाऱ्याला सांगण्याची पेल्याची शक्तीच आम्ही काढून घेतली होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात मद्यपानातील संयमाचा स्वतंत्र सद्‌गुण म्हणून विचार केला आहे, कारण मद्य थेट विवेकावर घाला घालते. ज्याला मद्याची तीव्रता ठाऊक नव्हती आणि म्हणून जो धुंद झाला, त्याला ते दोषी ठरवीत नाहीत. नोहाची गोष्ट ते याच अर्थाने घेतात. दुसऱ्याला पिण्याचे आमंत्रण देणाऱ्यालाही ते हाच नियम लावतात. समोरचा त्या पेयाने धुंद होईल हे त्याला माहीत नसेल, तर त्याला क्षमा आहे. अज्ञान नसेल, तर दोघांनाही नाही. हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मेहुण्यांना माहीत नव्हते. आमच्या हातात मात्र बाटली होती, आणि तिच्यावर 55 हा आकडा स्पष्ट छापलेला होता. आम्ही तो वाचला होता. बेरीज तेवढी केली नव्हती. न केलेली बेरीज हे अज्ञान म्हणायचे काय? आमच्या धर्मगुरूंनी याचे उत्तर सौम्यपणे दिले. आम्ही स्वतःला ते तितक्या सौम्यपणे देऊ शकलो नाही.

या विचारात असतानाच ती बाटली कोठून येते हे आम्ही शोधू लागलो. शार्त्रूज बनवतात ते कार्थुसियन मठवासी. संत ब्रुनो यांनी 1084 मध्ये सहा सोबत्यांसह फ्रान्समधील ग्रनोबलजवळच्या डोंगरात या व्रतस्थांचा पहिला आश्रम उभारला. प्रत्येकाची खोली वेगळी, जेवण भिंतीतील झरोक्यातून आत येते, मध्यरात्री उठून प्रार्थना, आणि मौन. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाने 1984 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा मठाचा होकार यायला सोळा वर्षे लागली. (चित्रपट 2005 मध्ये आला. आम्हांला एखाद्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले तर पत्नी ते आमच्या आळसात जमा करते.) या मठवासीयांना 1605 मध्ये एका औषधी अर्काचे हस्तलिखित भेट मिळाले. त्यातून पुढच्या शतकात 130 वनस्पतींचे हे मद्य सिद्ध झाले. 1903 मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर घालवले, तेव्हा त्यांनी स्पेनमध्ये तारागोना येथे ते बनवले. कृती आजही मोजक्या मठवासीयांनाच ठाऊक असते, आणि वनस्पतींचे मिश्रण ते स्वतःच्या हातांनी करतात.

‘लास्ट वर्ड’सारख्या जुन्या पेयांना नवे दिवस आले आणि या मद्याची मागणी वाढू लागली. व्यापारी माणसाने अशा वेळी काय केले असते ते सांगायला नको. 2023 च्या आरंभी मठाचा निर्णय जगजाहीर झाला : आम्ही उत्पादन मर्यादित ठेवू, कारण आम्ही येथे एकांतासाठी आणि प्रार्थनेसाठी आलो आहोत. बाटल्या वाढवायच्या तर मिश्रण करणाऱ्या हातांचे तास वाढवावे लागतात, आणि ते तास प्रार्थनेतून काढावे लागतात. दुकानांतून बाटल्या दिसेनाशा झाल्या, किमती चढल्या. आमच्या पुतण्याला पुढच्या खेपेस बाटली मिळाली नाही.

या निर्णयावर आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. मद्याच्या उत्पन्नावर मठांचा निर्वाह होतो, त्यातून दानधर्मही घडतो. उत्पन्नाला आपणहून कुंपण घातले तर कोण्या गरजवंताच्या ताटातील घास कमी होत नाही काय? शिवाय बाजारात टंचाई झाली की साठेबाजाची चंगळ होते, ती वेगळीच. आणखी कडू प्रश्न असा : 55 टक्क्यांचे मद्य विकून मग प्रार्थनेला बसणे कितपत योग्य? या सर्वांचे समाधान आम्हांला देता येत नाही. परंतु एक गोष्ट आमच्या मनाला भिडली. ‘पुरे’ हा शब्द येथे पिणारा म्हणाला नाही, दुकानदार म्हणाला नाही, सरकार तर नाहीच. ज्याच्या हाताने ते बनते तो म्हणाला.

आपल्याकडे हा शब्द उच्चारणे अवघड आहे, कारण आपल्या आतिथ्याचे नावच आग्रह आहे. पानात आणखी एक पोळी वाढणे, ‘‘नको नको’’ म्हणणाऱ्याच्या भातावर तुपाची धार धरणे, यात माया आहे, आणि ती जाऊ नये. वसईच्या आमच्या गावांत लग्नाच्या मांडवात हाच आग्रह पेल्यापर्यंत पोहोचतो आणि तोही मायाच समजली जातो. जो ‘‘नको’’ म्हणेल त्याला घाबरट ठरवायचे, आणि जो पेला रिकामा करील त्याचा लगेच भरायचा. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. कायदा पिणाऱ्याचे वय विचारतो. ओतणाऱ्याला काहीच विचारीत नाही.

कोणी म्हणेल, काना गावच्या लग्नात प्रभूने तरी मोजून कोठे दिले? दगडाचे सहा रांजण, आणि तेही काठोकाठ. हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. ते दान उदार होते, आणि त्या उदारतेला आखडते माप लावणे आम्हांला उद्धटपणाचे वाटते. पण योहानाच्या शुभवर्तमानातील त्याच प्रसंगात एक बारीकसे वाक्य आहे, त्यावर आमची नजर पूर्वी कधी ठरली नव्हती. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते त्यांना ठाऊक होते. चाखणाऱ्याला न कळणारे असे काही ओतणाऱ्याला कळलेले असते. त्या चाकरांनी ते कोणाला सांगितले की नाही, हे योहान लिहीत नाही.

गेल्या नाताळात मेहुणे पुन्हा आमच्याकडे आले. त्यांचा खांदा थंडीत अजून धरतो. जुन्या बाटलीत चार बोटे शार्त्रूज उरली होती. आम्ही डबा आणि झाकण काढले, तेव्हा त्यांनी हसून विचारले, ‘‘भावोजी, ह्यात नेमके किती?’’ आम्ही बेरीज केलेला तो कागद पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग एकच पेला केला आणि दोघांत घेतला. स्कूटरची किल्ली आमच्या पत्नीने त्याआधीच येशूच्या तसबिरीमागे ठेवून दिली होती, आणि ती सकाळच्या मिस्सेनंतरच बाहेर आली.