खेळायला वेळ मिळाला

प्रौढ माणसाने एका खेळण्यासाठी तीनशे किलोमीटर जावे काय? आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बाईंनी हा प्रश्न आम्हाला विचारला. विचारताना त्या हसत होत्या; परंतु प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

झाले असे. सोलापुरात हिशेबाचे काम करणारे आमचे एक मित्र आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. पण खिशात चष्म्याच्या घराशेजारी लाकडी यो-यो असतो. हैदराबादेत त्यांच्यासारखे पाच-सहा शौकीन अधूनमधून एका बागेत जमतात, असे त्यांना कळले. “एकट्याने गाडी हाकत जायचा कंटाळा येतो, तुम्ही चला,” असे ते म्हणाले. आम्हाला यो-यो धड फेकताही येत नाही. तरी मित्राची सोबत म्हणून एका शनिवारी पहाटे चार वाजता आम्ही निघालो.

नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा हा रस्ता. हा बहुतेक मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. 1956 साली त्या राज्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. परंतु रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अजून एकाच बाकावर बसतात. सातच्या सुमारास हुमनाबाद आले. तेथे आम्हा दोघांचे शब्बाथ शाळेतील गुरुजी राहतात. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले. दोन वर्षांपासून त्यांचे शरीर थकले आहे, आणि दोन वर्षांपासून आम्ही त्यांना निरोप धाडत होतो की, “वेळ मिळाला की येतो.” मित्रांनी गाडी थोडी हळू केली. आम्ही म्हणालो, “इतक्या सकाळी कोणाला उठवायचे?” गाडी पुढे गेली. गुरुजी जन्मभर पहाटे उठत आले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुपारी बारापूर्वी आम्ही सालारजंग संग्रहालयात पोहोचलो. तेथे कुक अँड केल्व्ही या पेढीचे एक प्रसिद्ध घड्याळ आहे. त्यात एक छोटा लोहार सतत घण घालीत असतो, आणि दर तासाला एक दाढीवाला पुतळा बाहेर येऊन तास वाजवितो. तो पाहण्यासाठी मोठी माणसे, नातवंडांना मांडीवर घेतलेले आजोबा, परगावचे शेतकरी, सारे आधीपासून जागा धरून बसले होते. बारा टोले पडले आणि सर्वांचे चेहरे एकाच वयाचे झाले. वाटले, आमच्या मित्रांना हसणारे आम्ही कोण?

संध्याकाळी बागेत मंडळी जमली. एक महाविद्यालयातील मुलगा, एक रिक्षाचालक, एक बँकेतील बाई, दोन शाळकरी भाऊ. नावे विचारण्याआधी त्यांनी एकमेकांचे यो-यो हातात घेऊन पाहिले. मित्रांनी आपल्या खेळण्याची कुळकथा सांगितली. प्राचीन ग्रीक भांड्यांवर हे खेळणे खेळणाऱ्या मुलाचे चित्र आहे. आपल्याकडे अठराव्या शतकातील राजस्थानी चित्रांतही ते स्त्रियांच्या हाती दिसते. पेद्रो फ्लोरेस नावाच्या फिलिपिनो गृहस्थाने 1928 साली अमेरिकेत यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योत दोरी आसाला घट्ट बांधलेली नसे. आसाभोवती तिचा सैल फास असे. घट्ट बांधलेली चकती खाली जाते आणि लगेच वर येते. सैल फासातील चकती मात्र दोरीच्या टोकाशी जागच्या जागी फिरत राहते. खेळणारे याला यो-यो ‘झोपला’ म्हणतात. मग हाताला किंचित झटका द्यायचा, की दोरी आसाला धरते आणि चकती वर चढते. त्या मुलाजवळ छर्ऱ्याचा नवा यो-यो होता. तो नुसत्या झटक्याने वर येत नाही. दोरीची एक घडी करून त्याच्या खाचेत सोडावी लागते. त्या मुलाने आमच्या मित्रांना, म्हणजे आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला, ही युक्ती पंधरा-वीस वेळा न कंटाळता दाखविली. पैसा नाही, बक्षीस नाही, ओळखपाळख नाही. आणि तरी इतकी धीराची शिकवणी आम्ही क्वचित पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना तेथेच करून आम्ही परत निघालो. या खेपेस हुमनाबादला गाडी वळविली. गुरुजी काठी टेकीत दारापर्यंत आले. चहा झाला. मित्रांनी यो-यो काढला तेव्हा गुरुजी लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी हात पुढे केला. हात कापत होता. चकती खाली गेली ती वर आली नाही. त्यांनी तीन-चार वेळा प्रयत्न केला. मग दोरी गुंडाळीत ते सहज म्हणाले, “काल जाताना याच रस्त्याने गेला असाल, नाही का?”

त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. आम्ही “होय, गुरुजी” एवढेच म्हणू शकलो.

वाचकहो, त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. खेळण्यासाठी दूर जाणे हे पाप नव्हे. पौलाने पोरपणाच्या गोष्टी सोडल्याचे लिहिले आहे, ते आपण मुलांना नेहमी ऐकवितो; पण ते प्रीतीच्या अध्यायात लिहिले आहे, हे विसरतो. आणि जखऱ्या संदेष्ट्याने देवाने पुन्हा वसविलेल्या नगराचे जे चित्र काढले, त्यात हाती काठी घेतलेले वृद्ध आहेत व रस्त्यांत खेळणारी मुलेही आहेत. दोघे एकाच नगरात आहेत. आमची चूक ही की, आम्ही एकाकडे जाताना दुसऱ्याच्या दारावरून गेलो.

त्याहून मोठी चूक “वेळ नाही” या शब्दांत होती. दोन वर्षे आम्ही ते खरे मानून बोलत होतो. दोन दिवसांच्या या सहलीने ते खोटे ठरविले. वेळ होता, गाडी होती, रस्ताही तोच होता. गुरुजींची भेट आम्ही एक कर्ज समजून पुढे ढकलीत राहिलो; बागेतल्या अनोळखी मंडळींकडे मात्र आनंदाने धावलो. आपल्या आवडीच्या माणसांवर प्रीती करण्यात विशेष ते काय, असे प्रभूने विचारलेच आहे. म्हणून आनंद टाकून द्यावा काय? मुळीच नाही. बागेतल्या मुलाचा तो न कंटाळणारा आनंद आजाऱ्याच्या खाटेपाशीही न्यावा, एवढेच.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना खेळू द्या, त्यांच्याबरोबर तुम्हीही खेळा. आणि कधी एखाद्या रविवारी त्यांना खेळण्यांसह मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी घेऊन जा.

मित्रांनी आपला लाकडी यो-यो गुरुजींपाशीच ठेवला आहे. तो परत आणायला पुढच्या महिन्यात जायचे ठरले आहे. गुरुजींनी बजावले आहे की, वर आणता येईपर्यंत तो मिळणार नाही.